गाण्यात घातलेलं नाव

लग्नघरी पोचल्यावर माणसं पाणी मागतात, चहा मागतात, बसायला सावली मागतात. बेंजोबुवा नवरीचं नाव मागायचे. अंगणात बेंजोची पेटी टेकवली की मांडवात जो कोणी हाताशी येईल त्याला पहिला प्रश्न, "नवरीचं नाव काय रे?" ते कळलं की दुसरा, "आनि घरात काय हाक मारतात?" पत्रिकेवर छापलेलं नाव आणि चुलीपाशी मारलेली हाक यांत आमच्याकडे बरंच अंतर असतं. मग करवल्यांची नावं, मावश्यांची, आत्यांची. कोण चिडकं आहे, कोणाला गाण्यात ओढलेलं खपणार नाही, याचीही चौकशी. एवढं सगळं झालं की बुवा चहाला हात लावायचे. तोवर तो गार झालेला असायचा, आणि त्यावरून यजमानिणीला टोमणा बसायचा तो वेगळाच.

शहापूर-मुरबाडकडे हळदीची संध्याकाळ लग्नापेक्षा मोठी. लग्न भटजी लावतो, हळद सगळा गाव लावतो. आणि बेंजो नसेल तर ती हळद कसली? ज्यांनी बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी फळीवर ताणलेल्या तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. त्याला अँप्लिफायर जोडला की शेजारच्या पाड्यावरची माणसंही जेवण आटोपतं घेऊन निघायची. बुवांचं गाव सापगावच्या पुढे. पावसाळ्यात भातशेती आणि दिवाळीनंतर बेंजो पार्टी, असं त्यांचं वर्ष. मी शहापूरचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. लग्नसराईत त्यांच्या पार्टीत आधी ढोलकी आणि नंतर ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी बडवायचा विजेवरचा ढोल, वाजवायचो. शाळेत मुलं मला घाबरायची आणि मांडवात त्यांचे बाप मला "ओ मास्तर, जरा जोरात" म्हणून दटावायचे.

बुवांचा थाट बघण्यासारखा. मोती रंगाची सफारी, खिशात कंगवा आणि सूर्य मावळला तरी डोळ्यांवर काळा चष्मा. "बुवा, अंधारात दिसतं का?" असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "मला दिसायची गरज नाय. लोकांना मी दिसलो म्हंजे झालं." गळा काही फार गोड नव्हता, थोडा घोगराच. पण नवरीचं नाव घेऊन पहिली ओळ उचलली की मांडवातल्या बायका लाजायच्या, हसायच्या, एकमेकींना ढकलायच्या. हळदीने पिवळी झालेली नवरी खाली मान घालायची आणि चोरून वर बघायची. ते चोरून बघणं, ते बुवांचं बक्षीस.

त्यांचा एक नियम होता. एका घरी ज्या नावावर गाणं बसवलं, ते तसंच दुसऱ्या घरी गायचं नाही. चाल तीच असली तरी ओळी फिरवायच्या, चिमटे बदलायचे. एकदा आम्ही मुरबाडला लागोपाठ दोन हळदी वाजवल्या. योगायोगाने दोन्ही नवरींचं नाव एकच. मी म्हटलं, "बुवा, आज काम सोपं. कालचंच उचला." तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना कोणाच्या ताटातला घास उचलायला सांगितलं होतं. "उष्टं वाढायचं नाय, मास्तर," ते म्हणाले, आणि गोठ्यामागे बसून त्यांनी त्या दुसऱ्या पोरीसाठी अख्खं गाणं नवीन जुळवलं.

नव्वदचं दशक सुरू झालं तेव्हा आमच्या घरी रंगीत टीव्ही आला. केबलही आली. बुवा शहापूरला बाजाराला आले की आमच्याकडे टेकायचे. एकदा टीव्हीवर चित्रपटातलं नसलेलं गाणं चालू होतं. शहरातली पोरं, फाटक्या विजारी, रंगीत दिवे, आणि एक पोरगी पायऱ्यांवरून उगाचच खालीवर करत होती. बुवांनी विचारलं, "हे कुनाच्या लग्नातलं?"

"लग्नातलं नाही बुवा, पॉप आहे हे."

"पॉप म्हंजे?"

मी मास्तर. समजावण्याची संधी कशी सोडणार? म्हटलं, "पॉप्युलर. म्हणजे लोकांचं संगीत. आपल्याकडे आता नवीन आलंय."

"मंग आमी इतकी वर्सं काय म्हशींसाठी वाजवतो?"

माझी बायको आत हसली. बुवा मात्र गाणं संपेपर्यंत टीव्हीसमोरून हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "ठेका झकास हाय. पन त्या पोरीचं नाव नाय घेतलं एकदा पन. नुसतं तू, तू. तू म्हंजे कोन? ज्याला वाटंल तो! हे रेडीमेड कापड, मास्तर. आपला शिंपीकामाचा धंदा. आपन माप घेतो." पुढे मी पॉपवरचे मोठमोठे लेख वाचले, पण माझ्या डोक्यात बुवांचं हे कापडच राहिलं.

म्हणून ते जुनं धरून बसणारे होते असं मात्र कोणी समजू नये. उलट त्या ठेक्याने त्यांना वेड लावलं. पुढच्याच मोसमात उल्हासनगरहून वापरलेला कीबोर्ड आला, माझी ढोलकी बाजूला पडून ऑक्टोपॅड आला, आणि आमच्या हळदीच्या गाण्यांना शहरी चाल लागली. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. आमच्या पार्टीला मागणी वाढली. त्या मागणीतूनच कल्याणचा एक कॅसेट कंपनीवाला आमच्यापर्यंत पोचला. त्या दिवसांत गावोगावच्या गाण्यांच्या कॅसेटी निघत होत्या, आणि जत्रेत भज्यांसारख्या खपत होत्या.

इथे बुवांच्या भाचीची ओळख करून द्यायला हवी. नाव लिहीत नाही, आणि का लिहीत नाही ते पुढे कळेलच. बुवांच्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. वडील लहानपणीच गेले, म्हणून मायलेकी बुवांच्याच घरी, आणि मामाच बाप. बारावी झालेली, गावच्या अंगणवाडीत मदतीला जायची, आणि मामाची चूक दाखवण्याची हिंमत असलेली जगातली एकमेव व्यक्ती. "मामा, अंतऱ्यात कालचीच चाल आली," असं ती तोंडावर सांगायची आणि बुवा निमूट चाल बदलायचे. त्या वर्षी मुरबाडकडच्या एका बऱ्या घरी तिचं लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, हळद उन्हाळ्यात होती. मुलगाही तिला मनापासून आवडला होता. त्याचा विषय निघाला की ती कारण नसताना पाणी भरायला उठायची.

रेकॉर्डिंगला आम्ही कल्याणला गेलो. स्टुडिओ म्हणजे भिंतींना जाजमं ठोकलेली एक कोंदट खोली. कंपनीवाला म्हणाला, "बुवा, मांडवात गाता तसंच गा. फक्त जरा पॉप टच." बुवांनी हेडफोन चढवले, घसा साफ केला, आणि गप्प उभे राहिले. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हातवारे करायला लागला. बुवा म्हणाले, "नाव सांगा."

"कसलं नाव?"

"नवरीचं. नाव नाय तर गानं उचलू कसं?"

कंपनीवाला हसायलाच लागला. म्हणाला, कुठलंही घाला, फरक काय पडतो? बुवांना फार फरक पडत होता. "कुनाचं पन कसं घालू? परक्याच्या पोरीचं नाव बाजारात न्यायचं? तिचा बाप काय म्हनंल?" मी म्हटलं, नुसतं 'नवरी' म्हणा. त्यांनी म्हणून पाहिलं. खरंच सांगतो, गाणं जमिनीवरून उठेना. मग ते बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले, आणि परत आले ते चेहरा उजळूनच. परक्याचं नको तर आपलं घालू. भाचीचं लग्न तोंडावर आहे, तिच्या नावाचं, तिच्या गावाचं, तिच्या मामाचं गाणं छापील कॅसेटवर येईल, तिच्या हळदीला तेच वाजेल. मामाकडून याहून मोठा आहेर कुठला? आम्हा सगळ्यांना ती कल्पना फार आवडली. बुवा त्या दिवशी जे गायले ते पुन्हा कधी गायले नाहीत. त्यात मामा भाचीची थट्टा करतो: नवऱ्याचं नाव काढलं की कशी लाजते, कशी पदराआड हसते, कशी वाट बघते. घरच्या अंगणात अगदी शोभेल अशी थट्टा.

कॅसेट दिवाळीनंतर आली. पौषात म्हसाच्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानांपासून पाळण्यांपर्यंत प्रत्येक कर्ण्यावर तेच गाणं होतं. मुरबाडच्या जीपमध्ये तेच, शहापूरच्या बाजारात तेच. भाचीने सुरुवातीला मजाच केली. "मामा, मी फेमस झाले," म्हणाली. मग एक दिवस बाजारात तिच्या मागून चार टारगट पोरं ते गाणं म्हणत चालत आली. घरच्या अंगणातली थट्टा त्यांच्या तोंडी आली तेव्हा त्या थट्टेला वेगळाच वास होता. तेच शब्द, तीच चाल. नंतर अंगणवाडीतल्या बायाही तिला बघून कुजबुजायला लागल्या. तिकडे लग्न ठरलेल्या मुलाला तो कामाला होता तिथे लोक गाण्यावरून छेडत. जत्रेत दारू प्यायलेल्यांचा एक घोळका तिचं नाव ओरडत नाचताना मुलाच्या बापाने डोळ्यांनी पाहिला.

ते गृहस्थ स्वतः आले. भांडायला नव्हे, भांडले असते तर बरं झालं असतं. ओटीवर बसून शांतपणे म्हणाले, "पोरीत खोट नाय, बुवा. पन आमच्या सुनेच्या नावावर सगला तालुका नाचतो. ते आमाला झेपायचं नाय." मुलगा बरोबर आला नव्हता. त्याचा निरोपही नव्हता. सोयरीक मोडली. भाची आत होती, तिला सगळं ऐकू आलं. त्यानंतर कित्येक दिवस ती मामाशी नेहमीसारखंच बोलायची, जेवायला वाढायची, आणि हे नेहमीसारखं वागणंच बुवांना खात होतं. "एकदा शिव्या दिल्या असत्या गो तिनं," ते माझ्या बायकोला म्हणाले.

मग बुवांनी भलतंच सुरू केलं. दिसेल त्या दुकानातून ते आपलीच कॅसेट विकत घेऊ लागले, बाजारातून ती संपावी म्हणून. दुकानदारांना वाटलं खप वाढला, त्यांनी आणखी मागवल्या. बुवांनी कंपनीवाल्याकडे जाऊन हात जोडले, नाव काढून पुन्हा गातो म्हणाले. तो म्हणाला, "नाव काढलं तर गाण्यात राहिलं काय, बुवा?" तोवर नकली कॅसेटीही निघाल्या होत्या आणि त्या कोण छापतो हे देवालाच माहीत.

आमची शेवटची हळद शहापूरजवळच होती. बुवांनी रिवाजाप्रमाणे नवरीचं नाव विचारलं, गाणं जुळवलं, गायला सुरुवात केली. मांडवात कुरबुर झाली. पोरं ओरडली, "ओ बुवा, कॅसेटवालं घ्या! कॅसेटमदलं नाव!" मला वाटलं नवरीकडचे त्यांना आवरतील. तर नवरीची मावशीच पुढे आली आणि म्हणाली, "तुमी हे काय गातासा? आमाला ते टेपवालं पायजे. अक्षी तसंच." आपल्या घरच्या नवरीच्या हळदीला तिला दुसऱ्याच पोरीचं नाव हवं होतं. लोकांना गाणं पाठ झालं होतं, आणि पाठ झालेलं गाणं जसंच्या तसं लागतं. बुवांनी चष्मा काढला, पुसला, पेटी बंद केली. उरलेली हळद आम्ही नुसत्या कीबोर्डवर वाजवून निभावली. त्यानंतर बुवांच्या बोटांत बेंजोची पट्टी मी पाहिली नाही.

माणूस थांबला, गाणं थांबलं नाही. कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, एका सीडीत शंभर गाणी कोंबायला लागले. बेंजो पार्ट्या मोडल्या आणि टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर रचून डीजे आले. आमच्या गाण्याचं रिमिक्स झालं. त्यात बुवांच्या ओळी गेल्या, गाव गेलं, मामा गेला, बेंजो तर पहिलाच गेला. राहिलं फक्त तिचं नाव, बुवांच्या घोगऱ्या आवाजात, परत परत आणि परत. माझ्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात एका वर्गाने त्यावर नाच बसवला होता. मी मुख्याध्यापकांना सांगून तो बदलून घेतला, तर मुलं हिरमुसली. त्यांची काय चूक होती? ठेका होताच तसा.

भाचीची स्थळं येत आणि जात राहिली. शेवटी कसारा घाटापलीकडचं एक घर मिळालं. मुलगा वयाने थोडा मोठा, स्वभावाने सरळ. त्यांच्याकडे लग्नानंतर सुनेचं नाव बदलायची रीत होती. तिच्या आईने घुटमळत तिला विचारलं. "बदला," भाची तिथल्या तिथे म्हणाली. बुवा शेजारीच बसले होते.

लग्न मुलाच्या दारात होतं, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच तिकडे गेलो. संध्याकाळी हळद. डीजेवाल्याने माइक घेतला आणि आनंदाने विचारलं, "नवरीचं नाव काय?" कोणीतरी सांगितलं. "अरे, या नावाचं एक नंबर गाणं आहे आपल्याकडे!" आणि त्याने ते लावलं. तिकडच्यांना त्या गाण्यामागचं काहीच माहीत नव्हतं. नाव तसं चारचौघींचं. त्यांना नुसती गंमत वाटली. सगळा मांडव उठला. आमच्याकडची माणसं मात्र जागच्या जागी थिजली. हळद लावलेली भाची पाटावर ताठ बसली होती. तिच्या सासऱ्यांनी नाचता नाचता आमच्याकडे पाहिलं, थांबले, आणि काय झालं म्हणून विचारायला दोन पावलं पुढे आले.

तेवढ्यात बुवा उठले. मी त्यांना उभ्या आयुष्यात नाचताना पाहिलं नव्हतं. नाचवणाऱ्याने नाचायचं नसतं, असं ते म्हणायचे. ते सरळ मांडवाच्या मध्यात गेले, दोन्ही हात वर केले आणि स्वतःच्याच आवाजावर नाचू लागले. सासऱ्यांना हाताला धरून ओढलं, गरगर फिरवलं. आमच्या बायकांना खूण केली, तशा त्याही उठल्या. मीही उठलो. सासरे हसायला लागले, म्हणाले, "मामा लई हौशी दिसतो!" घामाने सफारी पाठीला चिकटली तरी बुवा थांबले नाहीत. भाची मामाकडे बघत होती, आणि तिच्या गालांवरची हळद ओली झाली होती. सासरच्यांना ते नेहमीचंच नवरीचं रडू वाटलं. दुसऱ्या दिवशी परातीतल्या तांदळावर नवऱ्या मुलाने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं.

त्यानंतर तिची आई कधीमधी जुनं नाव घेऊन जीभ चावायची, मीही चुकायचो. बुवा एकदाही चुकले नाहीत. फोनवर, पत्त्यावर, तिच्या पाठीमागे बोलतानासुद्धा नवंच नाव. मला वाटायचं, हा माणूस स्वतःला किती शिक्षा करणार? मी तसं एकदा म्हणालोही. ते म्हणाले, "मास्तर, चाल बदलली की बदलली," आणि भाताच्या रोपांचं बोलायला लागले. मला आजही वाईट वाटतं की ज्या माणसाने तालुक्यातल्या घराघरात आनंद पोचवला, त्याच्या स्वतःच्या घरात त्या आनंदाचं हे असं झालं. यात खलनायक कोणी नव्हता. असता तर त्याला शिव्या देऊन मी मोकळा झालो असतो.

बुवा आजारी पडले तेव्हा त्यांना शहापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. भाची आपल्या दोन मुलांना सासरी ठेवून घाट उतरून आली. मी तिथेच होतो. बुवा खूप खंगले होते. तिला पाहून त्यांनी नव्या नावाने हाक मारली. ती उशाशी बसली, त्यांच्या बोटांवरून हात फिरवत राहिली, आणि मग हलकेच म्हणाली, "मामा, एकदा माज्या नावानं हाक मार ना रे. जुन्या."

बुवांचे ओठ हलले. मला वाटलं, आता घेतील. पण त्यांनी मान हलवली.

"ते माज्याजवल नाय गो राह्यलं," ते म्हणाले. "जत्रेत वाटून आलो मी."

आणि त्यांनी पुन्हा नव्याच नावाने हाक मारली. तिने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली, डोळे पुसले, आणि त्या नावाला ओ दिली.